उजनीत कुठला मासा कुठे राहतो, हे शोधतात कसं?

ऑगस्ट उजाडला की सोलापूर-पुण्याकडच्या बातम्यांत उजनीचे टक्के सुरू होतात. सत्तर झाले, नव्वद झाले, शंभरी ओलांडली. उन्हाळ्यात हेच आकडे शून्याखाली उतरतात. २०२४ च्या जूनमध्ये ते उणे साठपर्यंत गेले होते. बाहेरच्या माणसाला वाटतं, धरण कोरडं ठणठणीत पडलं असणार. पण तसं नसतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक पाणी 'मृतसाठा' म्हणून धरतात. टक्के मोजले जातात ते त्याच्या वरच्या ५३-५४ टीएमसीचे. म्हणजे उणे साठला पोचल्यावरही धरणात तीसेक टीएमसी पाणी होतंच. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. मासे राहायला तेवढं पुष्कळ झालं.

हा हिशेब आधीच मांडला, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ऑक्टोबरात जिथे पुरुषभर पाणी असतं, तिथे मार्च-एप्रिलमध्ये लोक गाळपेराचं पीक काढत असतात. काठच सरकतो, तर काठाला राहणाऱ्या माशाचा पत्ता कुठला लिहायचा?

भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी लिलावाला जे ढीग लागतात त्यांत चिलापी असते, कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस असतात, मरळ, वाम, शिंगाडा असतात. सगळे एकाच धरणातले, पण एका जागचे नव्हेत. मच्छीमाराला हे पक्कं ठाऊक असतं. संशोधकाला तेच ज्ञान नकाशावर उतरवायचं असतं, आणि तिथे त्याची दमछाक होते.

आधी तोंड बघा

जाळं, यंत्र काहीही हाती घेण्याआधी बाजारातला मासा उचलून त्याचं तोंड बघावं. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

कटल्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि खालचा जबडा पुढे येऊन वर वळलेला. असं तोंड वरच्या थरातलं खाणं टिपायला सोयीचं. पाण्यात तरंगणारे बारीक जीव गाळून खाणं हा त्याचा मुख्य उद्योग. मृगळाचं उलट. मुस्कट पुढे आलेलं आणि तोंड खालच्या अंगाला. तो तळाशी कुजलेला पालापाचोळा आणि गाळातलं सेंद्रिय खाणं चाळत फिरतो. रोहू मधल्या थरातला. त्याच्या ओठांना झालर असते, दगडावरचं, काडीवरचं शेवाळ ओरबाडायला ती कामाची. हे तिघं मुळात गंगेकडचे. आपल्याकडे ते बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडून वाढवले जातात, आणि एकाच शेततळ्यात तिघांना एकत्र ठेवता येतं ते यामुळेच, की ते एकमेकांच्या खाण्यावर फारशी झडप घालत नाहीत.

शिंगाड्याला लांब मिशा असतात. गढूळ पाण्यात, अंधारात, तळाशी चाचपत शिकार शोधायला मिशा लागतात, डोळे नाही. वाम लांबुडकी, टोकदार नाकाची. दिवसा दगडांच्या सांदीत किंवा गाळात दडून बसते आणि रात्री बाहेर पडते. मरळीचं डोकं चपटं, वरून सापासारखं दिसणारं. ती काठच्या गवतात, पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून राहते. तिला हवेतला श्वास घेता येतो, म्हणून इतर मासे जिथे गुदमरतील अशा डबक्यातही तिचं निभतं.

तोंडावरून मासा खातो कुठे हे कळतं. तो विसावतो कुठे, अंडी कुठे घालतो, हे कळत नाही. शिवाय चिलापी हा सगळा नियम मोडीत काढते. ती शेवाळ खाते, गाळ खाते, बारीक जीव खाते, प्रसंगी दुसऱ्याची अंडीही खाते. तिचं तोंड बघून काही ठरवायला जाल तर फसाल. तिचा पत्ता तिच्या घरट्यावरून काढावा. नर उथळ पाण्यात तळाच्या मातीत गोल खड्डा करतो, मादी तिथे अंडी घालते आणि मग ती अंडी तोंडात घेऊन उबवते. पाणी ओसरलं की हे खड्डे उघडे पडतात. काठच्या वाळत्या गाळात ताटाएवढे, परातीएवढे गोल खळगे ओळीने दिसले, की समजावं महिन्या-दोन महिन्यांपूर्वी इथे चिलापीची वसाहत होती. जाळं न टाकता, चपलांनिशी चालत जाऊन करता येईल अशी ही पाहणी आहे. खड्ड्यांची जागा आणि त्या जागी तेव्हा पाणी किती खोल होतं हे धरणाच्या पातळीच्या नोंदीवरून ताडून बघितलं, तर चिलापी किती खोलीवर घर करते हेही कळतं. मला विचाराल तर पैसा वाचवून एवढी माहिती देणारी दुसरी युक्ती नाही.

उजेड कुठवर, प्राणवायू कुठवर

मासा खाण्याच्या मागे जातो आणि खाणं उजेडाच्या मागे. शेवाळ उजेडात वाढतं, शेवाळावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर लहान मासे. तेव्हा उजेड किती खोल पोचतो हे मोजावं लागतं. त्यासाठी १८६५ साली आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने वापरलेली युक्ती आजही चालते. दोरीला पांढरी, किंवा काळी-पांढरी रंगवलेली, वीसेक सेंटिमीटरची चकती बांधायची, पाण्यात सोडायची, आणि दिसेनाशी झाली की दोरी किती गेली ते बघायचं. त्याच्या साधारण दोन-तीन पट खोलीपर्यंत वनस्पतींना पुरेल इतका उजेड असतो असं धरतात. उजनीत पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी येऊन मिळतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. अशा पाण्यात चकती लवकर हरवते, म्हणजे उजेडाचा थर पातळ, आणि सगळं शेवाळ त्या पातळ थरात दाटलेलं.

हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. म्हणून अशा पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर, आणि पहाटे सगळ्यांत कमी. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले तर ते खेळत नसतात, त्यांना श्वास पुरत नसतो. तीस अंश तापमानाच्या पाण्यात प्राणवायू मावतो तोच लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास; वीस अंशाला नऊच्या वर. उन्हाळ्यात पाणी तापतं, माशाची भूक आणि श्वासाची गरज वाढते, आणि नेमका तेव्हाच पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

आता खोलीचं. तापलेलं पाणी हलकं, थंड पाणी जड. वारा नसेल तर हलकं पाणी वर तरंगत राहतं आणि खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. वरचा थर हवेतून प्राणवायू घेतो. खालच्या थराला हवा लागतच नाही, आणि तळाशी कुजणं चालू असल्याने तिथला साठा संपत जातो. नैनितालच्या तळ्यात हे इतकं झालं की उन्हाळ्यात तळाकडचं पाणी माशांना राहण्याजोगं उरत नसे. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली बसलं, थर मिसळले, की खालचं निकस पाणी वर येऊन मासे मरायचे. अखेर २००७ पासून तिथे तळाशी हवा सोडायची यंत्रणा बसवली.

याचं टोकाचं उदाहरण आफ्रिकेत आहे. टांगानिका सरोवर सुमारे १,४७० मीटर खोल, पण प्राणवायू वरच्या शंभर-दोनशे मीटरपर्यंतच. त्याखाली हजारभर मीटर पाणी आहे आणि त्यात एकही मासा नाही. सैबेरियातलं बैकाल त्याहून खोल, १,६४२ मीटर. पण तिथलं थंड पाणी तळापर्यंत खेळतं, त्यामुळे प्राणवायू तळाला पोचतो आणि गोलोम्यांका नावाचा चरबीदार, अंगातून आरपार दिसणारा मासा हजार मीटरखालीही सापडतो. खोली मोजून माशाचा पत्ता लागत नाही तो यासाठी. खोलीबरोबर प्राणवायू मोजावाच लागतो.

आपल्या दख्खनच्या धरणांत थरांचा हा खेळ तितका पक्का नसतो. पसरट पाणी, मोकळा वारा, आणि वरून शेतीसाठी सोडलेली आवर्तनं. पाणी ढवळलं जातं. पण जिथे सांडपाणी जास्त तिथे तापमानात फारसा फरक नसतानाही तळाजवळचा प्राणवायू घटलेला असतो. अशा जागी मृगळ तळ सोडून वर सरकतो, आणि 'मृगळ तळाला राहतो' हे पुस्तकातलं वाक्य तेवढ्यापुरतं खोटं ठरतं. लोणारच्या विवरातल्या सरोवरात तर पाणी इतकं अल्कधर्मी आहे की मासाच टिकत नाही. तिथे हा लेख दोन ओळींत संपला असता.

दिवस, रात्र, चढण

माशाचा पत्ता विचारताना किती वाजता, कुठल्या महिन्यात, हेही विचारावं लागतं. नुसत्या जागेचं उत्तर अर्धवट असतं, आणि मला वाटतं या विषयात होणाऱ्या निम्म्या चुका तिथेच होतात.

पाण्यातले बारीक जीव बहुधा दिवसा खाली दडतात आणि अंधार पडला की वर येतात, कारण उजेडात मासे त्यांना टिपतात. त्यांच्यामागून लहान मासे वर येतात, आणि लहानांमागून शिंगाड्यासारखे शिकारी खोल पाण्यातून काठाकडे सरकतात. दुपारी बारा वाजता केलेली पाहणी आणि रात्री बाराची पाहणी ताडून बघितली तर दोन वेगळी धरणं वाटावीत.

पावसाळ्यात उलथापालथच होते. पहिलं गढूळ पाणी ओढ्यांतून उतरलं की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. चढणीचे मासे आपल्याकडे कोणाला माहीत नाहीत? कटला, रोहू, मृगळ यांना अंडी घालायला वाहतं पुराचं पाणी लागतं, साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून तर मत्स्यबीज केंद्रात मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, तयार करून, बोटुकली वाढवून धरणात सोडावी लागते. जून-जुलैत हे मासे धरणाच्या मधोमध शोधण्यापेक्षा जिथे नदी धरणात शिरते तिथे शोधावेत.

काही मासे तर धरणापेक्षा नदीचेच. विल्यम साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिलं, त्यात पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतून मिळालेल्या खुद्री महसीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. तीच मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीत येतं. महसीरला अंडी घालायला वाहतं, स्वच्छ, खडे-गोटे असलेलं पाणी लागतं. नदीचं धरण झालं की तो गाळाने भरलेल्या विस्तीर्ण पाण्यात रमत नाही. असा मासा धरणात 'नाही' असं लिहिण्याआधी वरच्या अंगाच्या वाहत्या तुकड्यांत जाऊन आलं पाहिजे.

जाळं काय सांगतं, काय लपवतं

आता हत्यारांकडे. सगळ्यांत जुनं आणि अजूनही सगळ्यांत भरवशाचं म्हणजे जाळं. पाण्यात उभं सोडलेलं जाळं, मासा त्यात डोकं घालतो, पुढे अंग जात नाही, मागे फिरावं तर कल्ले अडकतात. यात आसाचा, म्हणजे जाळ्याच्या एका भोकाचा, आकार सगळं ठरवतो. गव्हाची चाळण घेऊन बसलात तर मोहरी खाली जाणार आणि हरभरा वर राहणार. जाळ्याचंही तसंच, फक्त इथे बारीक आणि जाड दोन्ही निसटतात. बारीक मासा आसातून आरपार जातो, आणि मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही.

यावर युरोपात एक ठरीव उपाय काढलेला आहे. तीस मीटर लांब आणि दीड मीटर उंच जाळं, त्यात अडीच-अडीच मीटरचे बारा तुकडे, प्रत्येकाचा आस वेगळा: गाठ ते गाठ पाच मिलिमीटरपासून पंचावन्न मिलिमीटरपर्यंत. आसाची मापं साधारण सव्वापटीने चढत जातात, आणि तुकडे मात्र मापाच्या क्रमाने न लावता मुद्दाम उलटसुलट लावलेले असतात. तळ्याचे खोलीनुसार पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काढायच्या, संध्याकाळी जाळं सोडायचं, सकाळी उचलायचं. सगळीकडे जाळं एक, वेळ एक, म्हणून एका तळ्याची दुसऱ्याशी, यंदाची गेल्या सालाशी तुलना करता येते.

चिठ्ठ्या टाकण्यावर मी इतका जोर का देतो? कारण माणूस आपोआप सोयीच्या जागी जाळं टाकतो. होडी जिथे लागते तिथे, जिथे झुडपांत जाळं फाटणार नाही तिथे, आणि मच्छीमार असेल तर जिथे मासा हमखास मिळतो तिथे. त्यातून पकड चांगली येते, नकाशा मात्र खोटा येतो.

जाळ्याचा दुसरा दोष कमी लोकांच्या ध्यानात येतो. उभं जाळं चालत्या माशालाच पकडतं. रात्रभर हिंडणारा शिंगाडा त्यात दहादा सापडेल, आणि गवतात दबा धरून बसलेली मरळ जागची हलणारच नाही. सकाळी जाळ्यात दहा शिंगाडे आणि एक मरळ आली, म्हणून धरणात दहास एक प्रमाण आहे असं नाही. मरळीसाठी गळ, सापळे, काठाकाठाने फेकजाळं, अशी वेगळी तयारी लागते. उजनीत वडापसारख्या अगदी बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लंसुद्धा उचलली जातात. अशी पकड बघून कोणी म्हणेल इथे लहानच मासे आहेत, तर तेही जाळ्याचंच बोलणं.

ध्वनी आणि डीएनए

होडीखालून ध्वनीची टकटक पाण्यात सोडायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा, हे दुसरं हत्यार. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. तीस मीटर खोल तळावर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा पंचविसावा हिस्सा लागतो. मध्ये मासा असेल तर त्याआधीच एक क्षीण प्रतिध्वनी येतो, आणि तो मुख्यतः येतो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून, मांसावरून नव्हे. बैकालच्या गोलोम्यांकाला ही पिशवीच नाही, त्यामुळे त्याचा आवाज फार बारीक. उलट काही डासांच्या जातभाईंच्या अळ्या पाण्यात हवेच्या इवल्या पिशव्या घेऊन तरंगतात आणि यंत्राला माशांच्या थव्यासारख्या भासतात.

यंत्र मासा दाखवतं, जात सांगत नाही. पडद्यावर उमटलेला ठिपका कटल्याचा की चंदेऱ्याचा, हे त्याला माहीत नसतं. तळाला चिकटून असलेला मासा तळाच्या प्रतिध्वनीत बुडून जातो. म्हणजे शिंगाडा, वाम, मृगळ यांची गणती कमीच येणार. आणि उथळ पाण्यात ध्वनीचा झोत पसरायला जागाच मिळत नाही. बारा अंशांचा झोत वीस मीटर खोलीवर चारेक मीटर रुंद होतो, दोन मीटर खोलीवर जेमतेम चाळीस सेंटिमीटर. कुंभारगाव-डिकसळकडच्या उथळ फुगवट्यात हे यंत्र घेऊन फिरणं म्हणजे टॉर्च लावून शेत राखण्यातला प्रकार. तिथे पक्षी जास्त सांगतात. सुरय एका जागी पुन्हा पुन्हा सूर मारत असतील, पाणकावळे ओळीने पोहत एका बाजूला सरकत असतील, तर खाली लहान माशांचा थवा आहे. रोहितांवर, म्हणजे फ्लेमिंगोंवर, मात्र विसंबू नका. ते चिखलातले बारीक जीव आणि शेवाळ गाळून खातात, माशांशी त्यांचं देणंघेणं नाही.

तिसरं हत्यार नवं आहे, आणि सध्या सगळा बोलबाला त्याचाच. मासा पाण्यात वावरताना बुळबुळीत स्राव, खवल्यांचे कण, विष्ठा सोडत असतो आणि त्यांत त्याचा डीएनए असतो. लिटरभर पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, गाळणीवर उरलेल्यातून डीएनए काढायचा, आणि सगळ्या माशांत असणारा पण जातीगणिक थोडा बदलणारा असा एक छोटा तुकडा वाचायचा. जपानी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये यासाठी एक पद्धत मांडली. तिच्यात हा तुकडा सुमारे १७० अक्षरांचा असतो. तो ज्ञात माशांच्या यादीशी जुळवला की जात कळते. मासा धरायचा नाही, मारायचा नाही.

इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवरात ही पद्धत जाळ्याशी ताडून पाहिली गेली. तिथे पूर्वापार नोंदलेल्या १६ जाती. त्याच सुमाराच्या जाळ्यांच्या पाहणीत चार जाती सापडल्या होत्या. पाण्यातल्या डीएनएने १४ दाखवल्या. निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जाळीवाले जरा गप्प झाले.

पण उजनीला ही पद्धत जशीच्या तशी लावली तर गंमत होईल. धरणात शहराचं सांडपाणी येतं, आणि शहरात लोक बांगडा खातात, सुरमई खातात. भांडी धुतलेलं पाणी, बाजारातलं धुवण, सगळं शेवटी नदीला. सांडपाण्यातून खाल्लेल्या माशांचा डीएनए नमुन्यात येणं ही या पद्धतीची माहीत असलेली अडचण आहे. उद्या अहवालात 'उजनीत बांगडा' असं छापून आलं तर दचकायला नको. बांगडा ओळखून वगळता येईल. पण पुण्यातल्या ताटातला रोहू आणि धरणातला रोहू कसे वेगळे काढणार? शिवाय डीएनएवरून मासा जिवंत की मेलेला, बोटुकली की दहा किलोचा, हे कळत नाही. वाऱ्याने पाणी ढवळलं की डीएनएही ढवळला जातो, त्यामुळे नेमकी जागा पुसट होते. थर पक्के असलेल्या थंड तळ्यांत उलट फायदा होतो: खालच्या थंड पाण्यात राहणाऱ्या माशाचा डीएनए खालीच सापडतो, आणि पत्ता खोलीसकट मिळतो.

एकेका माशाच्या पोटात इवला ध्वनियंत्राचा तुकडा बसवून, टाके घालून त्याला परत सोडण्याचीही रीत आहे. तळ्यात ठिकठिकाणी ऐकणारी यंत्रं टांगलेली असतात, आणि 'अमुक क्रमांकाचा मासा रात्री दोन वाजता सात मीटर खोलीवर' अशी नोंद महिनोन्महिने येत राहते. दिवस-रात्रीचा प्रश्न याइतका नीट कशानेच सुटत नाही. महाग आहे, आणि मासे मोजकेच असतात. जाळ्यांची, यंत्रांची राखण कोण करणार हा आपल्याकडचा वेगळाच प्रश्न.

सापडला नाही म्हणजे नाही?

समजा वाम त्या पट्ट्यात आहे, पण एका रात्रीच्या जाळ्यात ती सापडण्याची शक्यता दहात तीन. म्हणजे रिकामं जाळं येण्याची शक्यता दहात सात. पाच रात्री जाळं टाकलं आणि पाचही रात्री वाम आली नाही, असं होण्याची शक्यता ०.७ चा पाचदा गुणाकार, सुमारे १७ टक्के. तेव्हा पाच रात्रींनंतर 'इथे वाम नाही' असं लिहिणारा माणूस अशा दर सहा पट्ट्यांपैकी एकात चुकणार. दहा रात्री गेल्या तर ही चूक तीन टक्क्यांच्या आत येते. पुन्हा पुन्हा त्याच जागी जाण्याचा कंटाळा येतो, खर्च होतो, पण आकड्यांत जीव येतो तो त्यामुळेच. एकाच फेरीत पन्नास जागा उरकणाऱ्या पाहणीपेक्षा वीस जागी पाच-पाचदा गेलेली पाहणी मी केव्हाही पसंत करीन.

यात मच्छीमाराची साक्ष फार मोलाची. उजनीकाठचे भोई वर्षाचे बहुतेक दिवस पाण्यावर असतात. त्यांच्याइतक्या फेऱ्या कुठल्या प्रकल्पाला परवडणार? पण विचारायची रीत हवी. 'इथे कुठले मासे आहेत' असं विचारलं तर बाजारात दर मिळणाऱ्यांचीच नावं येतात. बिनभावाची बारीक मासळी कोणी सांगत नाही. त्यापेक्षा माशांची चित्रं पुढे ठेवून एकेक महिना विचारावा: चैत्रात हा कुठे लागतो, किती आसाच्या जाळ्याला, दिवसा की रात्री. आणि हेही लक्षात ठेवावं की हातखंडा जागा कोणी परक्याला दाखवत नाही, दाखवावी अशी अपेक्षाही करू नये.

उजनीचा माशांचा नकाशा करायचा झाला तर तो एक करून भागणार नाही. भरलेल्या धरणाचा ऑक्टोबरचा एक, मेचा एक, आणि चढणीच्या दिवसांचा एक, असे निदान तीन हवेत. खोल पात्रात, भिंतीच्या बाजूला ध्वनियंत्र आणि बारा आसांचं जाळं, तेही रात्री. उथळ फुगवट्यात फेकजाळं, सापळे आणि ओसरत्या काठावर चिलापीचे खड्डे. दगडी पिचिंग (काठाला लावलेलं दगडांचं अस्तर), बुडालेल्या वाड्या-देवळांच्या भिंती यांच्याभोवती वेगळी पाहणी, कारण वाम तिथे दडते आणि दक्षिण अमेरिकेतून काचेच्या टाक्यांमार्गे आलेला सकर मासा, ज्याला मच्छीमार हेलिकॉप्टर म्हणतात, तोही दगडावरचं शेवाळ खरवडत तिथेच चिकटतो. याचे काटे जाळ्यात गुंततात म्हणून जाळंवाले त्याच्यापासून लांब राहतात, आणि नोंदीतही तो मागेच राहतो.

डीएनएचे नमुने सगळीकडून घ्यावेत, पण एक काम आधी करावं लागेल. नमुन्यातला तुकडा ज्या यादीशी जुळवायचा, त्या यादीत दख्खनच्या नद्यांतल्या सगळ्या माशांची नोंद झालेली नाही. यादीत नसलेला मासा पाण्यात असूनही 'अनोळखी' म्हणून सुटतो. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या माणसाने थोडे दिवस पहाटे भिगवणच्या लिलावाला जावं. ढिगातली प्रत्येक जात, विशेषतः भाव न मिळणारी बारीक मासळी, जाणकाराकडून ओळखून घ्यावी, कल्ल्यापाशी मोजपट्टी धरून फोटो काढावा, पंखाचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या कुपीत टाकावा, आणि कुपीवर तारखेबरोबर मासा कुठल्या गावच्या पाण्यातून, किती खोलीवरून, कुठल्या आसाच्या जाळ्याने आला ते लिहावं. तो तपशील ज्याने मासा आणला त्याला तिथल्या तिथेच विचारायचा, लिलाव संपायच्या आत, कारण एकदा मासळी बर्फाच्या पेटीत गेली की कुठली कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही.